खुळखुळणारा डबा

कॉलर बसवावी तर दोघी बहिणींतल्या मोठीनेच, असं शिवणाच्या दुकानाचा मालकही म्हणायचा. नाव ठेवायला जागा नसे. पण सकाळी तिची बोटं सुजून मूठ मिटायची नाही, अंगात कणकण असायची, ते कुणाला दिसत नव्हतं. "दिसतेस तर चांगली धडधाकट!" हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. आपलंच शरीर आपल्यावर उलटतं, हे लोकांना पटवायचं तरी कसं? विश्वास बसला होता तो एकट्या धाकट्या बहिणीचा. दोघी एकाच खोलीत राहायच्या. धाकटी तिची बोटं शेकून द्यायची.

साथ आली, दुकान बंद झालं, शिवणयंत्र घरी आलं. त्यातच कुणीतरी उठवलं की मोठी या दुखण्यावर रोज घ्यायची त्याच गोळ्यांनी साथ टळते. झालं! ठणठणीत लोकांनी औषधांची दुकानं रिकामी केली. नशीब, मोठीने थोड्या सुट्या गोळ्या अडीनडीला पत्र्याच्या डब्यात साठवल्या होत्या. छातीत धडधडलं की ती डबा कानाशी धरून हलवायची. खुळखुळ ऐकली की तिचा जीव भांड्यात पडायचा. झाकण मात्र उघडायची नाही, गोळ्यांना हवा लागेल म्हणून.

"ताई, लहान बाळ आहेस का गं तू?" धाकटी हसायची.

रोजच्या गोळ्यांची बाटली संपली तेव्हा मोठीने डबा उघडला. आत शर्टाची पांढरी बटणं होती, तिच्याच यंत्राच्या खणातली.

"गोळ्या कुठायत?"

"त्यांच्याकडे दिल्या." त्यांच्याकडे म्हणजे धाकटीचं लग्न ठरलं होतं त्या घरी. "सासूबाई फार घाबरल्यात गं. नाही कसं म्हणू?"

"आणि ही बटणं?"

"तू उगाच काळजी करशील म्हणून."

वा रे माया! गोळ्या दिल्या, ते मोठीने एक वेळ गिळलंही असतं. पण आवाज जुळेपर्यंत हिने चिमूट चिमूट बटणं घातली असणार, डबा हलवून कान लावला असणार. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"मग मी आता काय घेऊ?"

"मिळतील गं. आणि खरं सांगू ताई? तुला एवढं झालंय तरी काय? दिसतेस तर चांगली धडधाकट."

मोठीने बटणं तशीच आत ठेवून झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छाती धडधडायला लागली आणि तिचा हात सवयीने डब्याकडे गेला. तिने तो कानाशी हलवला. आवाज अगदी तस्साच आला. आणि त्या मेल्या छातीला क्षणभर बरंही वाटलं.