दोन कागद आणि पौषातलं ऊन

पौषात सकाळचं ऊन ओट्यावर उतरतं, तेव्हा त्याला करडईच्या कोवळ्या पाल्याचा हिरवट वास असतो. पालमच्या आमच्या घरी त्या उन्हात सुमन, माझी पत्नी, भाजी निवडत बसे. नाकाच्या दोन्ही अंगांनी तिच्या गालांवर रक्तिमा पसरे आणि मी मूर्ख मास्तर त्याला लावण्य समजून न्याहाळत राही! ते ऊनच तिचा वैरी आहे, हे मला कुठून कळावं?

तिला दिवस गेले. चौथ्या महिन्यात दवाखान्यात सगळ्याच गरोदर बायकांचं तपासतात तसं तिचं रक्त तपासलं आणि गुप्तरोगाचा संशय असल्याचा कागद हाती आला. माझं रक्त निर्दोष निघालं. मी तिला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर निदान ती भांडली तरी असती. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीचा आडोसा घेऊन मी तिला सातव्याची वाट न पाहता, तीन महिने आधीच पेडगावला पोचवून आलो. निघताना शेजारणींनी कौतुकानं ओटी भरली. मी तिला टाकायला निघालोय, हे फक्त तिला ठाऊक होतं.

सहाव्या महिन्यात गर्भ गेला. मी गेलो नाही. पुढे तिचा ताप हटेना, बोटांचे सांधे सुजले, तेव्हा तिच्या भावानं तिला औरंगाबादला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त मुंबईला धाडलं आणि मला बोलावून घेतलं. देहाच्या रक्षणासाठी रक्तात वावरणारी प्रतिपिंडे कधी कधी आपल्याच पेशींवर उलटतात, असं ते म्हणाले. रुग्णाच्या रक्तातली निवळ काचेवरच्या पेशींवर सोडायची. तशी प्रतिपिंडे असतील तर ती पेशींच्या केंद्रकांना चिकटतात आणि खास रंग लावून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की ती केंद्रकं हिरवी उजळतात. सुमनच्या रक्तानं ती उजळली होती. पण नुसत्या कागदावरून त्यांनी रोग ठरवला नव्हता; ताप, सांधे, उन्हानं लाल होणारे गाल, गेलेलं मूल, सगळं जुळवून पाहिलं होतं. आणि पहिला कागद खोटा होता. या रोगात ती तपासणी कधी कधी फसते, गुप्तरोग नसतानाही असल्याचं दाखवते.

परतताना विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात एस.टी. देवगाव फाट्यावर अडकली. तिथे मी मुंबईहून आलेला तो दुसरा कागद पुनःपुन्हा वाचला. आपल्याच माणसावर उलटणं काय फक्त रक्तालाच जमतं?

पेडगावात ती छपराच्या सावलीत बसली होती. मी कागद पुढे केला, घरी चल म्हणालो. घडी न उघडताच तिनं तो परत दिला. "पयल्यांदा बी कागदावर इस्वास ठेवलात, आज बी कागदावरच ठेवायलात. माज्यावर कवा ठेवनार?"

मी कागद खिशात घातला. ती आली नाही. दर महिन्याला मी गोळ्या नेऊन देतो. ती पाण्याचा तांब्या पुढे करते, मी पाणी पितो आणि परततो.

पौषात आजही ऊन ओट्यावर उतरतं. तिला ते सोसत नाही, म्हणून मी तिथे तुराट्यांचा मांडव घातला आहे. त्याच्या सावलीत भाजी निवडत मी एकटाच बसतो.