अव्वाच्या आवाजाची स्थळप्रत

सोलापुरातल्या एका शाळेच्या कार्यालयात मी एकतीस वर्षं लिपिक होते. मुख्याध्यापक सहा बदलले, टेबल तेच राहिलं. त्या टेबलावरून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची एक नक्कल आमच्याकडे राहायची, तिला स्थळप्रत म्हणतात. वरच्या कार्यालयातून 'तुमचा कागद मिळालाच नाही' असा फोन आला की मी शांतपणे कपाट उघडायची आणि स्थळप्रत काढून द्यायची. ती मिळाली नाही असं माझ्या नोकरीत एकदाही झालं नाही. हे मी फुशारकीने सांगते आहे, आणि पुढेही बरीचशी फुशारकीच आहे. ज्यांना सोसत नसेल त्यांनी इथेच थांबावं.

दुसरी माझी सवय चिकटपणाची. कुणाचा अर्ज चार ओळींचा असला आणि खालचा कागद कोरा राहिला, की माझे हात शिवशिवायचे. कोरा भाग कात्रीने कापून मी चिठ्ठ्यांसाठी ठेवायची. शिपाई म्हणायचा, "बाई, एखांद्या दिवशी सायबाची सही बी कापाल." साहेबांची सही मी कधी कापली नाही. जे कापलं ते निवृत्तीनंतर, स्वतःच्या घरात कापलं.

माझी आई, म्हणजे आमची अव्वा, दुधनीला धाकट्या भावाकडे राहायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. भावाने तिला फोनवरून आवाज पाठवायला शिकवलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी, मी पोळ्या लाटत असताना, तिचा निरोप यायचा. पण निरोप वेगळा आणि फोनवरचं बोलणं वेगळं, हे तिने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. ती प्रश्न विचारायची, माझ्या उत्तरासाठी थांबायची, मग 'बरं' म्हणून पुढचं विचारायची. "जेवलीस का?" मग सगळं शांत, मागे कुठेतरी कोंबडी ओरडायची. "बरं. पाणी आलं का?" पुन्हा शांत. "बरं." शेवटी कानडीत 'इडतीनि', म्हणजे ठेवते, असं सांगून ती फोन ठेवायची. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही याची काळजी माझ्यापेक्षा तिलाच जास्त होती.

"अव्वा, मी काय बोलते ते तुला तिकडे ऐकू येत नाही गं," मी एकदा समजावलं.

"मला येतंय की," ती म्हणाली. विषय संपला.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिचे सात वर्षांचे निरोप एका मोठ्या परदेशी कंपनीच्या खात्यात साठवलेले होते, माझ्या सगळ्या फोटोंबरोबर. मग त्या खात्यातून सूचना यायला लागल्या: जागा भरली, काहीतरी पुसा नाहीतर पैसे भरा. त्याच सुमाराला माझ्या एका मैत्रिणीचं असलंच खातं एका दिवसात बंद पडलं. कारण सांगितलं नाही. तिने अर्ज केले, त्याला छापील उत्तरं आली. टेबलामागे माणूसच नसेल तर भांडायचं कुणाशी? मी एकतीस वर्षं टेबलामागे बसले आहे, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, पण निदान मी तिथे होते.

पुण्याला असलेला मुलगा म्हणाला, "आई, भाडं भर आणि मोकळी हो."

"माझ्या आईचा आवाज भाड्याच्या खोलीत ठेवू?"

"मग मी सुट्टीत येऊन सगळं घरी हलवून देतो."

"तू येऊच नको," मी म्हटलं. "म्हणजे ये, जेवायला ये. हे काम माझं आहे."

फोटो आणि निरोप घरच्या घरी साठवायला सात रस्त्याजवळच्या दुकानातून मी एक जुना संगणक, एक पेटीच म्हणा, आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे लई डोक्याचं काम हाय." मी म्हटलं, डोकं आणलंय बरोबर. मग दोनशे पानी वही घेतली, इंटरनेटवर सापडतील त्या सूचना मराठीत उतरवल्या आणि एकेक पायरी झाली की तिच्यापुढे बरोबरची खूण करत गेले. पंचवीस दिवस लागले. पडद्यावर तांबड्या अक्षरांत चुका यायच्या, त्याही मी वहीत लिहायची आणि उत्तर शोधायची. एके दिवशी सकाळी भाजी घेता घेता मी मोबाइल उघडला, आणि त्यात आमच्याच घरातल्या, शिलाई मशीनशेजारच्या त्या पेटीत मी ठेवून पाहिलेला फोटो दिसला. भाजीवालीला मी तो दाखवला. तिला काही कळलं नाही, पण तिने कोथिंबीर वर घातली.

कंपनीकडून माझं सगळं सामान गठ्ठ्यांनी आलं. आल्या आल्या मी पहिली गोष्ट केली ती सवयीने: अव्वाच्या निरोपांचा गठ्ठा जसाच्या तसा पेनड्राइव्हवर घेतला, त्याला 'स्थळप्रत' अशी चिठ्ठी चिकटवली आणि साड्यांच्या कपाटात ठेवला. मुलगा फोनवर हसला. "पेटीत आहे की, डबल कशाला?" ज्याने कधी आवक-जावक रजिस्टर पाहिलं नाही त्याला काय सांगायचं?

मग दुसरी सवय जागी झाली. आवाजाच्या फायली नीट लावायच्या एका प्रोग्रॅममध्ये एक चौकट होती: मधल्या रिकाम्या जागा काढून टाका. रिकामी जागा! मी टिचकी मारली. सगळ्या फायली एक तृतीयांशाने लहान झाल्या. इतकी जागा वाचलेली बघून मला कोण आनंद झाला. फायलींची संख्या मोजली, जुळली. संख्या जुळली की आमच्या कार्यालयात काम संपायचं. मी कंपनीच्या खात्यातलं सगळं पुसलं, वहीत तारीख घालून 'खाते रिकामे केले' असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटायला बसले आणि पेटीतून अव्वाचा निरोप लावला.

आमचे हे बाजूला बसून चहा घेत होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांवर जन्म गेल्याने त्यांना निम्मं ऐकू येत नाही, पण मागाचा ठेका जरासा चुकला तर अंगाला कळतो. त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, सासूबाई एवढ्या घाईत का बोलतायत? गाडी सुटतेय का कुठली?"

मी पुन्हा लावलं. "जेवलीस का बरं पाणी आलं का बरं इडतीनि." एका दमात. आवाज अव्वाचाच होता, शब्दही तिचेच, पण माझी अव्वा अशी कधी बोलली नव्हती. दुसरा निरोप लावला, तिसरा लावला. सगळे असेच धावत होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सात वर्षं ती माझ्यासाठी थांबत होती, आणि ते थांबणं मी रिकामी जागा म्हणून कापलं होतं. कंपनीचं खातं मीच पुसलेलं, सहीनिशी. पोळी तव्यावर करपली तरी मी तशीच बसून रडत राहिले.

ह्यांनीच आठवण केली. "तुझं ते कपाटातलं काय आहे?"

पेनड्राइव्ह लावला तेव्हा पेटीने तो आधी ओळखलाच नाही. मी काढला, पदराने पुसला, मागच्या बाजूला लावला. मग यादी दिसायला लागली. पहिलाच निरोप उघडला. "जेवलीस का?" आणि पुढे शांतता, आणि शांततेत ती कोंबडी. इतकं बरं मला शाळेच्या तपासणीत चूक दाखवणारा एकही शेरा आला नाही तेव्हाही वाटलं नव्हतं. या वेळी मी संख्या मोजून थांबले नाही. आठवडाभर रोज बसून एकूण एक निरोप ऐकला आणि प्रत्येकापुढे खूण केली. आता एक प्रत पेटीत आहे, एक कपाटात, आणि एक मुलाकडे पुण्याला. मुलगा आता हसत नाही. उलट त्याच्या ऑफिसातल्या लोकांना सांगतो, आमच्या आईचा घरी सर्व्हर आहे. साठीला आलेल्या बाईने आणखी काय मिळवायचं असतं?

गेल्या महिन्यात भाऊ तूर घेऊन मार्केट यार्डात आला होता, तो दुपारी जेवायला घरी आला. अव्वाचे निरोप सगळे माझ्या नावाचे, त्याने ते कधी ऐकलेच नव्हते. हात धुऊन आला आणि पेटीकडे बघून म्हणाला, "अक्का, ही व्हय तुजी पेटी? मला वाटलं लई मोठी आसंल. ह्यात अव्वा हाय म्हणतीस?"

"बस," मी म्हटलं आणि एक निरोप लावला.

"ऐकतीस का?" अव्वा म्हणाली आणि थांबली. भावाने दचकून माझ्याकडे पाहिलं. मागे कोंबडी ओरडली. त्याच्याच अंगणातली ती कोंबडी.

"बरं," अव्वा म्हणाली. "जेवलीस का?"

पुन्हा शांतता पसरली. मी काही बोलणार, एवढ्यात भाऊ पेटीकडे वाकला.

"जेवली की अव्वा," तो म्हणाला. "आमी दोगं बी जेवलो. हितंच हाय मी, अक्काकडं."

"बरं," अव्वा म्हणाली.