पुन्हा एकदा दारापासून

नोकरी जायच्या आधी मॅडम मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात द्यायच्या. “सांभाळ,” म्हणायच्या, “आता मला वेळेचं भान नको.” मग बाहेर जाऊन दार लावून घ्यायच्या, टकटक करायच्या आणि आत यायच्या त्या दुसऱ्याच कोणीतरी होऊन. कधी चाळिशीतला अकाउंटंट, कधी नुकतंच लग्न झालेली रिसेप्शनिस्ट. टेबलामागचा मॅनेजर चुकला की हात वर करून त्याला थांबवायच्या. “यल्ला, पुन्हा एकदा दारापासून.” बोलणं सगळं इंग्रजीत, ‘यल्ला’ म्हणजे ‘चला’, तेवढं अरबी दुबईत उचललेलं.

हा काय प्रकार होता ते सांगतो. २००८ ची मंदी दुबईत पोचली तेव्हा मी सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत एचआरला होतो. दर गुरुवारी कोणीतरी खोक्यात फोटोफ्रेम आणि कॉफीचा मग भरून लिफ्टकडे निघायचं. तुमच्यापैकी जे तेव्हा तिथे होते त्यांना ती खोकी आठवत असतील. गंमत म्हणजे, आमच्या मॅनेजरांना माणसं घेता येत होती, काढता येत नव्हती. एकाने क्रिकेटपासून सुरुवात केली आणि अर्ध्या तासाने समोरचा माणूस बढती मिळाली असं समजून हात मिळवून गेला. तेव्हा आमच्या साहेबांनी, म्हणजे एचआरच्या प्रमुखांनी, मॅनेजरांच्या सरावासाठी एक अमेरिकन नटी शोधून आणली.

मॅडम तेव्हा साठीच्या आसपास असाव्यात. एका टॉवरच्या जाहिरातीसाठी दुबईत आल्या होत्या. टॉवर उभा राहिलाच नाही, त्या मात्र राहिल्या. चहा पिताना त्या आपली कारकीर्द अशी सांगायच्या, की ऐकणाऱ्याने हसावं की वाईट वाटून घ्यावं ते कळू नये. तीन सिनेमे केले, त्यातल्या दोनांत त्या पहिल्या वीस मिनिटांत मेल्या. टीव्हीवर पाच वेळा विधवा झाल्या. एका दुपारच्या मालिकेत मात्र त्या सात वर्षं शेजारीण होत्या आणि तेव्हा भाजी घ्यायला गेल्या तरी बायका त्यांना संसारातले सल्ले विचारायच्या.

“मग ती मालिका का सोडली?” मी एकदा विचारलं.

“मी नाही सोडली,” त्या म्हणाल्या. “मेकअपच्या खुर्चीत बसून स्क्रिप्ट वाचत होते. पान बत्तीसवर माझी गाडी पुलावरून खाली गेली. मला कोणीही सांगितलं नव्हतं. मेकअप करणाऱ्या मुलीला माहीत होतं.”

त्यांचं सगळं शिकवणं या एका पानातून आलेलं होतं. पहिल्याच वाक्यात सांगायचं. डोळ्यांत बघून सांगायचं. ‘बघू’ म्हणायचं नाही.

माझं काम सोपं होतं. साहेब बंद पाकिटात एक कार्ड द्यायचे, त्यावर काढायच्या माणसाची माहिती असायची, नाव नसायचं. ते मॅडमना द्यायचं, कॅमेरा चालू करायचा, घड्याळ सांभाळायचं. कार्डातली माणसं खरी आहेत हे माझ्या लक्षात यायला दोन आठवडे लागले. त्यानंतर मी कॅन्टीनमध्ये लोकांच्या नजरेला नजर देणं टाळू लागलो. भीती मलाही होतीच. माझ्या बायकोला सातवा महिना लागला होता. गर्भाची वार खाली आहे, म्हणून डॉक्टरने विमान तर सोडाच, जिनासुद्धा बंद केला होता. माझी नोकरी गेली की दोघांचा व्हिसा रद्द, आणि मग तीस दिवसांत देश सोडायचा. तिला उठायचीच परवानगी नव्हती, ती जाणार कशी? हा विचार आला की मी तो लगेच दुसरीकडे वळवायचो आणि सवयीप्रमाणे शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत बसायचो.

एका मंगळवारी टेबलामागे मॅनेजर नव्हता, साहेब स्वतः बसले होते. मला म्हणाले, “कॅमेरा चालू कर आणि तू बाहेर थांब.” असं कधी झालं नव्हतं. मी पाकीट आणि घड्याळ यांची अदलाबदल केली आणि बाहेर येऊन उभा राहिलो. आतून चार वेळा दार उघडलं, चार वेळा मॅडम बाहेर येऊन पुन्हा टकटक करून आत गेल्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

संपल्यावर घड्याळ घेताना मात्र त्यांनी माझा हात क्षणभर धरून ठेवला. “लाइट नीट आला आहे का ते बघून घे,” त्या म्हणाल्या. “आजच बघ.”

जेवणाच्या सुट्टीत मी ते रेकॉर्डिंग लावलं. मॅडम आत आल्या, बसल्या, गळ्यातला वाचायचा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागल्या. ती लकब माझी होती. पुढचं मी पाहिलं ते उभं राहून, दाराची कडी लावून.

साहेबांनी नोकरी गेल्याचं वाक्य म्हटलं. मॅडम रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. “माझी बायको प्रवास करू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “व्हिसा आणि इन्शुरन्स कधीपर्यंत?” साहेब म्हणाले, “इन्शाल्ला, काहीतरी बघू.” हात वर झाला. पुन्हा दारापासून. दुसऱ्यांदा साहेबांनी कंपनीची अडचण सांगितली, तिसऱ्यांदा पाणी विचारलं. चौथ्यांदा मॅडम तेच शब्द तितक्याच शांतपणे म्हणाल्या आणि पुढे म्हणाल्या, “मला लिहून हवं.” साहेबांनी घाम पुसला. “बाळंतपण होईपर्यंत दोन्ही चालू राहील. लिहून देतो.”

“आता बरोबर,” मॅडम म्हणाल्या.

“डबा तसाच आणलास?” घरी बायकोने पडल्या पडल्या विचारलं. मी म्हटलं, ऑफिसमध्ये केक होता. नऊ दिवस मी असाच खोटं बोललो. बाथरूममध्ये नळ सोडून मी मॅडमचे शब्द पाठ करायचो.

दहाव्या दिवशी बोलावणं आलं. मी टकटक करून आत गेलो. साहेबांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, डोळ्यांत बघून. मी मॅडमचे शब्द जसेच्या तसे म्हटले. “मला लिहून हवं,” असं मी म्हटल्यावर साहेबांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मग पॅड पुढे ओढलं. पाठ केलेलं उत्तर त्यांनाही आठवत होतं. आमची मुलगी मे महिन्यात दुबईतच झाली, सुखरूप. आज मी मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते, पण ती आहे.

इथे थांबलो असतो तर मी तुमच्या नजरेत बरा माणूस ठरलो असतो.

नोटीसचे दिवस भरत असताना एप्रिलमध्ये साहेबांनी मला शेवटची कामं दिली. त्यात एक मेल होती: ट्रेनिंग बंद, यापुढे आपली गरज नाही. मॅडमना. मी म्हटलं, मी भेटून सांगू का? साहेब म्हणाले, “मेल पुरे. खलास.” वाद घातला तर तो कागद परत मागतील, अशी भीती वाटली. खरं तर ते मागू शकले नसते. पण भित्र्या माणसाला सगळंच शक्य वाटतं. मी मेल टाइप केली, खाली सप्रेम नमस्काराची इंग्रजी ओळ घातली आणि पाठवली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोनच शब्द होते. ‘पान बत्तीस.’

मी तसाच उठून त्यांच्या बिल्डिंगवर गेलो. खाली वॉचमन रत्नागिरीचा होता. “मॅडम सकाळीच गेल्या एअरपोर्टला,” तो म्हणाला. “दोन बॅगा होत्या फक्त. वर कोणी नाही, साहेब.”

तरी मी वर गेलो. बंद दारासमोर उभा राहिलो. मॅडम, कंपनीने तुमचं काम थांबवलं आहे, आणि हे मी तुम्हाला समोर येऊन सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, पण अर्ध्यावरच चुकलो. कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं. मी लिफ्टपर्यंत मागे गेलो, पुन्हा चालत आलो, दारावर टकटक केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.