नीलाक्षीचं सुतक

पंच्याहत्तर सालाच्या आसपास सोलापूरच्या जकात नाक्यावर माझ्या शेजारी बसणारे एक कारकून राक्षसांची आणि उडत्या किल्ल्यांची सात भागांची कादंबरी लिहीत होते. ट्रक थांबला की पावती फाडायची आणि पुढचा येईपर्यंत कादंबरीतल्या माणसांबद्दल बोलायचं, हा त्यांचा क्रम. "नीलाक्षीचा ताप उतरंना की," असं ते घरातल्या धाकट्या लेकीबद्दल बोलावं तसं म्हणत.

सगळीकडून साभार परत आलेलं ते बाड शेवटी पुण्याच्या एका प्रकाशकानं घेतलं. अट अशी की सातांचा एकच भाग करायचा आणि नीलाक्षीला सुरुवातीलाच मारायचं. त्यांनी मारलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दाढी केली नाही. मी प्रसादाचा पेढा पुढं केला तर म्हणाले, "नको, सुतक हाय." मला हसू आलं नाही.

दहाव्या दिवशी ते मला तळ्यावर घेऊन गेले. त्यांनी भाताचा पिंड ठेवला. बाकीच्यांचे पिंड कावळ्यांनी कधीच खाल्ले होते, हिच्याकडं एकही फिरकेना. ऊन चढलं. शेवटी त्यांनी हात जोडले.

"मारत न्हाय तुला. पुण्याला न्हाय म्हणून कळवतो."

कावळा लगेच शिवला.

सोमवारी ते नाक्यावर आले तेव्हाही दाढी तशीच होती.

"आता कुणाचं सुतक?" मी विचारलं.

पावती फाडता फाडता ते म्हणाले, "पुस्तकाचं."