गुरुवारी सुट्टी घेणारा हात

भोसरी मागे पडली आणि मोशी अजून दोन मैल राहिली, तेव्हा कोंडीरामनं उजवा हात काढून पेरूंच्या पिशवीत टाकला.

"दीड किलोचा हाय, बाई. खांद्याला रग लागती."

प्रभावतीबाई प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका, कोंडीरामच्या शेजारी राहणाऱ्या. अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या गुरुवारी दोघं नागेश्वराच्या दर्शनाला पायी निघाले होते. गुरुवारी भोसरीची वीज बंद, म्हणून कारखान्यांना सुट्टी. चार्ज होत नाही म्हणून कोंडीरामच्या विजेच्या हातालाही.

खरा हात दोन वर्षांपूर्वी कारखान्यातल्या पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीननं खाल्ला. तेव्हापासून तो कंपनीच्या स्टोअरच्या खिडकीत बसून कामगारांना पान्हे द्यायचा. हा नवा हात इस्पितळानं यंदा बसवलेला.

"पेपरात तर आलंय, मनात आणलं की बोटं मिटतात."

"मिटत्यात की. उघडायचं मात्र त्यांच्या मनात यावं लागतं."

बाईंना हसू आवरेना. झालं होतं असं, की खंडेनवमीला त्याच्या बायकोनं, चिमाबाईनं, विळी-कोयत्याबरोबर हाताचीही पूजा केली. अवजारच ते! हळदकुंकू वाहिलं, वर पाणी शिंपडलं. कंपनीच्या पूजेत फोरमन उद्धवरावांनी हौसेनं त्याच हातात नारळ दिला. कुंकू सांध्यात शिरलेलं. नारळ काही सुटेना. तिघांनी ओढून पाहिला. तेवढ्यात वार्ताहरानं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी मथळा: 'विज्ञानाची पोलादी पकड!'

"आता उद्धवराव म्हंतो, कोंड्या, सोमवारपासून परत प्रेसवर. तुझा हात आमच्यापरीस भारी!"

बाईंचं हसू मावळलं. "आणि प्रेसमध्ये असाच अडकला तर?"

"ह्यो गेला तर इस्पितळाचा गेला. पर डावा गेला तर? त्यो माझा हाय ना!"

"डॉक्टरांनी लिहून दिलंय की! घामानं बोटं आपोआप उघडतात, स्पर्श कळत नाही, चालत्या मशीनवर काम देऊ नये."

"दाखिवला त्यो कागद. सगळा इंग्रजीत. उद्धवराव म्हंतो, पेपरात फोटो हाय, डॉक्टरच्या कागदावर कुठं हाय?"

देवळाचा कळस दिसला. बाईंनी चप्पल काढून हात जोडले. कोंडीरामनं डावा हात कपाळाला लावला.

"भाऊ, तुमच्यासाठी देवाकडं काय मागू?"

"देवाला ऱ्हाऊ द्या, बाई, त्याला सोमवारच्या आत जमायचं न्हाई. तुमी तेवढा डॉक्टरचा कागद मराठीत लिवा. अक्षर पेपरातल्यावानी ठळक. आन् वर त्या नारळाचाच फोटो चिकटवा; त्याबिगर उद्धवराव वाचायचा न्हाई."