करड्या रंगातले तात्या

माझ्या तात्यांना मी मारलं. त्यासाठी एक वर्तुळ, अठरा झेंडूची फुलं आणि थोडासा करडा रंग पुरला.

तात्या म्हणजे माझे धाकटे मामा, राहणार अंथुर्णे. मी पुण्यात जाहिरात कंपनीत क्रिएटिव्ह डायरेक्टर आहे (म्हणजे काम बाकीचे करतात आणि 'अजून मजा येत नाहीये' असं मी म्हणते). पशुखाद्याची जाहिरात करायची होती. चेहरे आणि आवाज खऱ्या शेतकऱ्यांचे, पण सगळं ॲनिमेशनमध्ये. पहिला शेतकरी मी घरातलाच धरला.

"ही जाहिरात पणदऱ्यात दिसंल का गं?" तात्यांनी विचारलं.

"जगभर दिसेल."

"जग ऱ्हाऊ दे. पणदऱ्याचं बोल."

पणदऱ्याला थोरले मामा, आबा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वीस वर्षांपूर्वी दोघांचं बोलणं तुटलं आणि आबा आपला हिस्सा विकून सासुरवाडीला जाऊन राहिले. आपला आवाज आबांच्या कानावर पडावा, एवढ्यासाठी तात्या बहात्तराव्या वर्षी माइकसमोर बसले होते. मला ते कळलं होतं. मी म्हटलं, वा, जाहिरातीला भावना मिळाली!

माझी कल्पना अशी, की पशुखाद्य येण्याआधी जग बेरंग असतं. म्हणून जाहिरातीच्या तीन दिवस आधी उत्सुकता वाढवायला एक चित्र सोडलं. करड्या रंगात तात्यांचा हसरा चेहरा, भोवती झेंडूची गोल माळ (ती मी हट्टानं घालायला लावली), खाली 'तात्यांशिवाय गोठा सुना' आणि त्याखाली 'रविवारी, सकाळी नऊ वाजता'. श्रद्धांजलीचे असले फ्लेक्स मी चौकाचौकात बघत वाढले. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

गुरुवारी चित्र नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरलं. कुणी एक फोन केला असता तरी भागलं असतं. पण दुःखाच्या घरी फोन करून 'खरंच गेले का हो?' असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. आमच्याकडे जीप ठरवतात.

रविवारी जाहिरात दाखवायला मी अंथुर्ण्यातच होते. नऊला पाच कमी असताना गल्लीच्या तोंडाशी बायकांनी गळा काढला. तात्या दाढी करत होते.

"कोण गेलं गं?"

"काय म्हायती," मामी म्हणाली. "बघा जाऊन."

अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून तात्या बाहेर गेले आणि रीतीप्रमाणे पुरुषांमध्ये मान खाली घालून बसले. शेजारी बारामतीचे व्याही होते. त्यांनी न बघताच तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"लई भला माणूस व्हता."

"व्हय," तात्या म्हणाले. "पण कोण?"

व्याह्यांनी वर पाहिलं. मग चपला तिथंच सोडून ते जीपमध्ये जाऊन बसले आणि आतून काच लावून घेतली!

पुढचा तासभर मी सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून प्रत्येकानं पिठलं-भाकरी बांधून आणली होती. सतरा घरची! ती परत न्यायची नसते, म्हणून सगळे जेवायला बसले. स्वतःच्या मरणाचं पिठलं तात्यांनीही खाल्लं. पण ते जेवत कसले, हजेरी घेत होते.

"ही भाकरी कुणाची?"

"निमगावची."

"अन् ही?"

"लासुर्ण्याची."

"पणदऱ्याची न्हाय आली?"

मामीनं त्यांच्या ताटात अजून पिठलं वाढलं. दुपारपर्यंत तात्या अंगणातून हलले नाहीत. गाडीचा आवाज आला, की फाटकाकडे बघायचे. शेवटी मी गाडी काढली आणि पणदरं गाठलं.

आबा ओसरीवर बसले होते. मांडीवर मोबाइल, मोबाइलवर माझं चित्र.

"कळलं होतं, तर आला का नाहीत?"

"मेलेल्याला काय कळतंय, कोण आलं अन् कोण न्हाय. जिता असता तर गेलो असतो."

मी उडालेच. "आबा, तात्या जिवंत आहेत! ही जाहिरात आहे. तुमची वाट बघतायत."

आबांनी डोळे मिटले. मग उठून खुंटीवरची टोपी घेतली, दारापर्यंत गेले, थांबले. माघारी येऊन टोपी परत खुंटीला लावली.

"जिता हाय तर त्यानं यावं की हितं. धाकटा हाय त्यो."

परतीच्या रस्त्यावर मी वाक्यं जुळवली. पंधरा वर्षं हाच तर माझा धंदा. तात्या अजून अंगणातच होते.

"आबांना काही कळलंच नव्हतं, तात्या. मी सांगितलं तर घळाघळा रडले. आत्ताच निघाले होते, पण गुडघा फार धरलाय."

तात्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"हे बी तूच लिवलंस व्हय गं?"

क्लायंटनं माझ्या पुष्कळ ओळी नाकारल्यात, पण इतक्या हळू आवाजात एकही नाही.