बॉलरची अदलाबदल आणि शिमग्याची रजा

आमच्या मंडळात चार माणसं चहाला उभी राहिली की कोणीतरी मला विचारतंच, "शेठ, खरं सांगा, तो बॉलर घेऊन तुम्ही फसलात की नाही?" तीन सीझन उलटून गेले तरी हा प्रश्न शिळा होत नाही. मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो, सौदा माझाच चांगला होता. मला फसवलं गेलं ही वेगळी गोष्ट आहे. तिचा राग मी अजून जपून ठेवलाय.

मी शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये जुनी लाकडी पॅलेट घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. गावाहून आलो तेव्हा एका गोदामात हेल्पर होतो. आज पॅलेट उलटं करून नुसते खिळे बघितले की ते अजून किती फेऱ्या काढेल हे सांगतो. तिकडे माझ्याशी भाव करायला बसण्याआधी लोक जेवून येतात, कारण किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे कोणी मला "फसलात का" असं विचारणं म्हणजे काय, ते समजून घ्या. दुसऱ्या कुठल्या गोष्टीत हरलो तर मी हसतो. भावात हरलो असं कोणी म्हटलं की मला जेवण जात नाही.

तर आमच्या मंडळाची टेनिस बॉलची लीग आहे. रविवारी सकाळी, शारजाच्या बाजूला, भाड्याच्या मैदानावर. खाली वाळू, मध्ये सिमेंटची पट्टी, तिच्यावर मॅट. ऑक्टोबरात सुरू करायची आणि रमजान लागायच्या आत संपवायची. सहा टीम, सहा मालक. मालक म्हणजे जर्सीचा आणि नाश्त्याचा खर्च करणारा माणूस, त्या बदल्यात त्याला अकराव्या नंबरला खेळू देतात. सीझनच्या मध्यावर एकदाच खेळाडूंची अदलाबदल करता येते. दोन्ही मालकांनी कमिटीसमोर सही केली की खलास, मग त्या सीझनमध्ये बदल नाही.

माझ्याकडे एक पुण्याचा स्पिनर होता. दुबईत ऊद मेथातल्या एका ऑफिसात ऑडिटचं काम करायचा. वय चव्वेचाळीस, एका गुडघ्याला पट्टा, डोळ्यांना चष्मा. त्याचा बॉल इतका सावकाश यायचा की बॅट्समनला मध्ये घड्याळ बघून घेता यावं. डिसेंबरातल्या एका मॅचमध्ये त्याला एका ओव्हरमध्ये चार षटकार बसले. मी मिड-ऑनवरून जे ओरडलो ते इथे लिहिता येणार नाही. त्याने शांतपणे चष्मा काढला, जर्सीला पुसला आणि म्हणाला, "अहो, तुम्ही ओरडलात की माझी लेंग्थ जाते."

त्याच संध्याकाळी मी अदलाबदलीला निघालो.

ज्याच्याकडे गेलो तो मूळचा गुहागरकडचा, एसीच्या डक्टिंगचा ठेकेदार आणि दुसऱ्या टीमचा मालक. अल कुसैसमध्ये आम्ही एकाच खोलीत सहा वर्षं काढली, तो वरच्या बंकवर, मी खालच्या. फार कमी बोलणारा माणूस. त्याच्याकडे दोन फास्ट बॉलर होते आणि स्पिनर एकही नव्हता. त्यातला एक संगमेश्वर तालुक्यातला, स्कॅफोल्डिंगचं काम करणारा. दिवसभर लोखंडी पाइप वर चढवून त्याचे खांदे असे झाले होते की जर्सी दोन साइझ मोठी लागायची. सहा पावलांचा रनअप, आणि बॉल हातातून सुटलेला दिसायच्या आत स्टंपचा आवाज. तो मला हवा होता.

कॅफेटेरियात कडक चहा घेऊन बसलो आणि मी चौकशी सुरू केली.

"खांदा ठीक आहे?"

"बघितलास ना."

"कंपनी अबुधाबीला तर नाही पाठवणार?"

"साइट दोन वर्षं इथेच आहे."

"रविवारी ड्यूटी?"

"सुट्टी."

"आणि गणपतीला पळून जायचा नाही ना? तुम्ही कोकणी सगळे पळता."

"गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात असतात," तो म्हणाला. "लीग ऑक्टोबरात सुरू होते. तुझं गणित कधी चुकलंय का?"

हे ऐकून मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी वर काहीतरी मागितलं. त्याच्या टीमकडे एक भला मोठा आइस बॉक्स होता, चाकांचा. "स्पिनर तुला, बॉलर आणि आइस बॉक्स मला," मी म्हणालो. त्याने चहाकडे बघत "घे" म्हटलं. चेहरा असा पाडला की मला वाटलं, आज मी याला लुटलं. आता कळतं, चेहरा पाडायचे त्याला काहीच पैसे पडत नव्हते.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. मुलगी बारावीत, पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, डिड यू चेक हिज अ‍ॅन्युअल लीव्ह?"

"चेक केलं," मी म्हणालो.

त्यानंतरचे सात-आठ रविवार माझ्या आयुष्यातले फार चांगले रविवार होते. पहाटे गाडीत आइस बॉक्स टाकायचा, वाटेत कामगारांच्या कॅम्पवरून बॉलरला उचलायचं. तो पुढच्या सीटवर बसून दोन अंड्याचे पराठे खायचा आणि मैदान येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मग बॉल हातात घ्यायचा. पहिल्याच मॅचमध्ये त्याने दुसऱ्या बॉलला मधला स्टंप असा उडवला की तो आणायला विकेटकीपरला चालत जावं लागलं. ज्यांनी मला वर्षभर सल्ले दिले होते ते सगळे आता माझ्या शेजारी येऊन बसायला लागले. मी त्यांना थंड ताक पाजायचो, माझ्याच आइस बॉक्समधलं. आम्ही एकही मॅच हरलो नाही. सेमी-फायनल तर सातव्या ओव्हरमध्येच संपवली. फायनल पुढच्या रविवारी, आणि समोर कोण, तर डक्टिंगवाला.

सेमी-फायनलनंतर सगळे फोटो काढत होते. बॉलर माझ्याजवळ आला.

"साहेब, मी शुक्रवारी गावाला जातोय."

"का? काय झालं?"

"शिमगा."

मी हसलो. तो हसला नाही. मी माणदेशातला माणूस. आमच्याकडे होळी म्हणजे एक संध्याकाळ. पेटवायची, बोंब मारायची, पोळी खायची, सकाळी कामाला. शिमग्यासाठी कोणी विमानाचं तिकीट काढतं हे मला माहीतच नव्हतं. आयुष्यात हजारो प्रश्न विचारून सौदे केले, हा एक प्रश्न कधी सुचला नाही.

मी तिथूनच डक्टिंगवाल्याला फोन लावला.

"तुला माहीत होतं."

"आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू गणपतीचं विचारलंस. मी गणपतीचं सांगितलं." थोडा वेळ मी बोललो, म्हणजे खूप मोठ्याने बोललो. मग तो म्हणाला, "शेठ, हळू बोल, मी लिफ्टमध्ये आहे. लोक बघतायत."

बुधवारी संध्याकाळी मी कॅम्पवर गेलो. त्याच्या खोलीत सहा पलंग, मध्ये एक पुठ्ठ्याचा खोका, आणि तो गुडघा टेकून खोक्याला दोरी आवळत होता. बाकीचे पलंगांवर बसून बघत होते. मला चहा दिला गेला. मी बोली लावली.

"रविवारी मॅच खेळ. दुपारी मी स्वतः विमानतळावर सोडतो. तिकीट माझं. बाराशे दिरहम लागू देत, सत्तावीस हजार रुपये झाले, काही हरकत नाही."

"साहेब, देवाची पालखी शनिवारी आहे माझ्या घरी."

"एक दिवस पुढे नाही का येणार?"

"घरांचा क्रम ठरलेला असतो."

"मग शेजाऱ्याशी अदलाबदल कर. आधी त्याच्याकडे जाऊ दे, रविवारी रात्री तुझ्याकडे."

खोलीत सगळे एकदम हसले. एक जण तर उशीत तोंड खुपसून हसत होता. बॉलरही हसला, पण दोरी आवळत राहिला. "देवाला कमिटीसमोर सही करायला लावणार काय, साहेब?" एका पलंगावरून कोणीतरी म्हणालं.

माझा पारा चढत होता. मी म्हणालो, तुला टीमची काही पडलेली नाही, फायनल रोज येत नाही. तो उठून उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी घर बांधलं. स्लॅबचं. अंगण केलं मोठं, पालखी नाचवायला. दोन वेळा पालखी आली. दोन्ही वेळा मी फोनवर बघितली."

मी माणदेशात घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला इथेच होतो, एका कंटेनरची वाट बघत. भावाने फोन धरला होता, त्यात मला बराच वेळ नुसतं छत दिसलं. हे मी त्याला सांगितलं नाही. चहा संपवला आणि विचारलं, "फ्लाइट किती वाजता?"

शुक्रवारी मीच त्याला विमानतळावर सोडलं. अर्ध्या रस्त्यात तो स्वतःहून बोलायला लागला. तीन सीझन तो डक्टिंगवाल्याच्या टीमकडून खेळला होता. कोण शॉर्ट बॉलला डोळे मिटतो, कोण पहिला बॉल नेहमी मिड-विकेटला उचलतो, कोणाला ऑफच्या बाहेर टाकलं की राहवत नाही, सगळं सांगत गेला. सिग्नलवर मी पॅलेटच्या डिलिव्हरी चलनाच्या मागे लिहून घेत होतो. हा माल मला फुकट मिळत होता आणि मी कुठल्याही कागदावर मागितलेला नव्हता.

फायनलला आमचे चार साधे बॉलर त्या चलनाच्या हिशेबाने बॉल टाकत गेले. मिड-विकेटला उभ्या केलेल्या माणसाकडे पहिल्याच बॉलला कॅच गेला. डक्टिंगवाला पॅव्हेलियनच्या पत्र्याखाली बसून माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होता. आठ ओव्हरमध्ये त्यांच्या फक्त चौसष्ट धावा झाल्या.

आमची बॅटिंग सुरू झाली तेव्हा कोकणातून फोन आला. इथे सगळ्या अ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लागत नाहीत, जे चालतं ते मी मुलीकडून आधीच टाकून घेतलं होतं. बाउंड्रीजवळ आइस बॉक्सवर फोन उभा केला. पालखी आता शेजारच्या अंगणात गेली होती. तिकडे ढोल वाजत होते, खांद्यावर पालखी घेतलेली माणसं, आणि मध्ये घामाने भिजलेला आमचा बॉलर, कपाळावर गुलाल. "स्कोर काय?" तो ओरडला. डक्टिंगवाल्याने हरकत घेतली की बाहेरचा माणूस सल्ला देतोय. अंपायरने नियमांचा कागद पुन्हा पुन्हा वाचला. त्यात पालखीबद्दल काही नव्हतं. फोन राहिला.

आता मी डक्टिंगवाल्याला दिलेल्या पुण्याच्या स्पिनरचं ऐका. त्याला आमची सगळी बॅटिंग पाठ होती. तोच सावकाश बॉल, तोच गुडघ्याचा पट्टा, आणि दोन ओव्हरमध्ये त्याने आमचे तीन जण काढायचे ठरवले होते. दोन काढले. शेवटच्या ओव्हरचे तीन बॉल राहिले, सहा धावा हव्या होत्या, आणि नऊ विकेट पडल्यावर आत कोण जाणार, तर अकराव्या नंबरचा मालक.

मी गार्ड घेतला. तो बॉल पुसत माझ्याजवळून गेला आणि म्हणाला, "आज अजून ओरडला नाहीत. तब्येत बरी आहे ना?"

मला कळत होतं तो काय करतोय. कळूनही माझं डोकं तापलं. बॉल सुटला, हवेत तरंगत राहिला, आणि मी दोन पावलं पुढे धावून त्याला थेट हमरियाला पाठवायला बॅट फिरवली. बॅटला वाराच लागला. मागे बेल्स पडल्याचा आवाज आला. मग, फोनवरचा आवाज दोन सेकंद उशिरा येत असल्यामुळे, आइस बॉक्सवरून कोकणातली हाक आली, "साहेब, पुढे जाऊ नका."

मैदानावर माणसं बसून हसली. अंपायर हसला. स्पिनरने गुडघा सांभाळत येऊन माझा हात हातात घेतला. आम्ही पाच धावांनी हरलो होतो आणि मला बॅट कुठेतरी फेकायची होती, पण कोणी माझ्याकडे बघतच नव्हतं. सगळे फोनभोवती जमले होते. तिकडे पालखी नाचत होती, खांदे खाली-वर, वर चांदीचे मुखवटे चमकत होते. डक्टिंगवाल्याने फोन आइस बॉक्सवरून उचलला आणि दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. त्याची कंपनी मोठी झाल्यापासून तोही कैक वर्षं शिमग्याला गेला नव्हता. त्याच्या टीममधले आणि माझ्या टीममधले कोकणातले सगळे ढोलाच्या ठेक्यावर वाळूत नाचायला लागले, पॅड बांधलेलेच. मला माणदेशी पावलं येतात, ती मी टाकली. कप द्यायचा कार्यक्रम तासभर लांबला.

हे झालं त्या वर्षीचं. म्हणून लोक म्हणतात, फसलास. पण सौदा एका रविवारी मोजत नाहीत. पुढच्या जूनमध्ये स्पिनर मुलीच्या कॉलेजसाठी पुण्याला परतला आणि डक्टिंगवाल्याकडे राहिला एक कप. माझा बॉलर माझ्याकडेच आहे. पुढच्या सीझनच्या आधी मी कमिटीसमोर तीन तास बसलो आणि फायनल जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आणून ठेवली. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतोच, त्यामुळे पटवणं सोपं गेलं. शिमग्याचं नाव मी काढलं नाही. तेव्हापासून तो फायनल खेळतो, मग निवांत गावाला जातो. दोन कप आमच्याकडे आहेत, एक त्याच्या कॅम्पच्या खोलीत आणि एक माझ्या ऑफिसात.

यंदा ऑक्टोबरातच, अदलाबदलीला अजून दोन महिने असताना, डक्टिंगवाल्याचा फोन आला. नेहमीपेक्षा जास्त बोलत होता.

"तो बॉलर परत दे. एक डावखुरा घे, शिवाय माझा ओपनर घे."

"नाही."

"वर काय पाहिजे ते सांग."

"काही नको."

"तू आणि काही नको?" तो म्हणाला. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

मी म्हणालो, विचार करून सांगतो. विचार करण्यासारखं काही नव्हतं, पण त्याला थांबवून ठेवायला मजा येत होती. दोन दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं, या वेळी दोन बॅट्समन आणि एक विकेटकीपर. मी पुन्हा नाही म्हणालो. तो अजून फोन करतो. मीटिंगमध्ये असलो तरी मी उचलतो.